वाचकांचे प्रश्न : "माझं घर असं असताना मी दुसऱ्याला काय सावरणार?"

मी ट्रॉमावर, म्हणजे मनावर झालेल्या खोल आघातांवर काम करणारी थेरपिस्ट. मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की मी लालबागच्या चाळीत वाढले आणि घरातलं वातावरण चांगलं नव्हतं, आणि त्यावरून या महिन्यात एवढे मेल आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले. पहिल्या पत्राला जास्त जागा देतेय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय. नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत.

प्रश्न : ताई, मी टीवायबीएला आहे, सायकॉलॉजी घेतलंय, डोंबिवलीला राहते. पप्पा पितात आणि पिऊन आले की मम्मीवर हात उचलतात, लहानपणापासून हेच बघतेय. मला पुढे ट्रॉमातून गेलेल्या लोकांबरोबर काम करायचंय पण माझी मैत्रीण म्हणाली की जिचं स्वतःचं घर असं आहे ती दुसऱ्याला काय सावरणार. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तुम्ही हे काम का निवडलंत? आणि मी यासाठी फिट आहे का?

उत्तर : अगं, करिअरचं नंतर बोलू, आधी दुसरं. तू लिहिलंयस "हात उचलतात", म्हणजे हे आजही चालू आहे. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आणि तातडीची मदत ११२, हे दोन्ही नंबर तुझ्या फोनमध्ये आणि मम्मीच्या फोनमध्ये असू देत, हवं तर दुसऱ्या कुठल्या नावाने सेव्ह करा. शेजारी एक तरी घर असं ठरवून ठेव की जिथे रात्री अकराला दार वाजवलं तरी चालेल. मम्मीला वाचवायची जबाबदारी तुझी एकटीची नाहीये, हे तुला आत्ता पटणार नाही, मलाही तुझ्या वयात पटलं नसतं, तरी लिहून ठेवते.

आता माझं. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते आणि आई खानावळ चालवायची, म्हणजे बोर्ड वगैरे काही नाही, आमच्या त्याच एका खोलीत अकरा मेंबर दोन वेळा जेवून जायचे, सगळे कोकणातले नाहीतर घाटावरचे, बायकामुलं गावाला आणि हे इथे पाळीवर. गिरणगावात अशा खानावळवाल्या बायका घरोघरी होत्या, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी दुसरीत होते. सुरुवातीला आम्हा पोरांना मजाच वाटली कारण बाबा दिवसभर घरी. पण आमच्या चाळीचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा होता, भोंगा झाला की पाणी भरायचं, भोंगा झाला की डबा बांधायचा, आणि तो बंद पडल्यावर मोठ्या माणसांना दिवसाचं काय करायचं तेच कळेना, गॅलरीत नुसते उभे असायचे. आईचे मेंबर एकेक करत गावाला गेले आणि मागची बाकी तशीच राहिली, आई तरी त्यांना रागावली नाही, तिने पाटल्या गहाण टाकल्या आणि वाण्याचे पैसे भागवले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही त्यामुळे "आता संपलं" असं म्हणायला एक दिवससुद्धा मिळाला नाही कोणाला.

बाबा संपाआधी पीत नव्हते असं मी म्हणणार नाही. पगाराच्या दिवशी घ्यायचे. पण संपानंतर ते रोजचं झालं आणि त्याबरोबर मारणं सुरू झालं. संपाने त्यांचं काय केलं हे मला आज कळतं, पण मारलं ते त्यांनी, संपाने नाही मारलं, चाळीत तेव्हा तशाच अवस्थेतले कितीतरी पुरुष होते जे घरात हात उचलत नव्हते.

आमचा जिना लाकडी होता, खोली दुसऱ्या मजल्यावर. बाबा खालून चढायला लागले की तिसऱ्या पायरीलाच मला कळायचं आज काय आहे ते. चपला घासत आल्या तर प्यायलेत पण झोपतील. पाऊल जोरात पडून मध्येच थांबलं तर धाकट्याला उचलायचं आणि गॅलरीत निघून जायचं. खोकत आले तर ठीक, मग मी वही काढायचे. आई तोपर्यंत लाटणं डब्यामागे सरकवून ठेवायची, का ते तुला सांगायला नको.

आणि चौदा नंबरच्या आजी होत्या, मालवणच्या. मी गॅलरीत आले की त्या दारातूनच म्हणायच्या, "ये गो बाय, माका खडे दिसनत नाय." मग मी सूप पुढे घेऊन तांदूळ निवडत बसायचे आणि धाकटा त्यांच्या मांडीवर झोपून जायचा. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की काय झालं, बाबांनी मारलं का, आई कशी आहे. आवाज तर सगळ्या मजल्याला येत होता. निवडून झालं की म्हणायच्या आता जा, किंवा म्हणायच्या अजून वाटाणे आहेत, बस. त्या आमच्या खोलीकडे कान लावून असायच्या आणि तिथे शांत झालं की मगच मला सोडायच्या हे मला तेव्हा कळलं नाही. आणि त्यांना खडे व्यवस्थित दिसत होते, सुईत दोरा त्या स्वतः ओवायच्या, हे तर मला कॉलेजात गेल्यावर एक दिवस बसमध्ये अचानक लक्षात आलं आणि मी रडले.

म्हणून मी हे काम निवडलं. खूप नंतर एमएला शिकताना ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं काम वाचनात आलं, त्यांनी १९९२ मध्ये ट्रॉमातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा लोकांशी जोडलं जाणं, आणि मला पहिला टप्पा वाचताना आजींचं सूप दिसत होतं. लोकांना वाटतं थेरपी म्हणजे सगळं ओकून टाकायचं, पहिल्याच दिवशी. तसं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांबरोबर पहिले महिना-दोन महिने आम्ही झोप कशी लागेल, पॅनिक झालं तर पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं कशी घ्यायची, घरात कुठली जागा सेफ वाटते, एवढंच बोलतो, आणि हे काम आहे, ही तयारी नाही नुसती.

पण तू फिट आहेस का हा प्रश्न अजून बाकी आहे आणि त्यासाठी मला माझी एक चूक सांगायला हवी. (ज्या ताईंच्या बाबतीत ती झाली त्यांच्या परवानगीने सांगतेय, तपशील बदललेत.) जिन्यावरचे पाय ओळखायची ती सवय गेली नाही माझी. समोरच्याचा श्वास बदलला, पर्सच्या पट्ट्यावरची बोटं घट्ट झाली की मला लगेच समजतं, आणि सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं हीच माझी ताकद, हे पुस्तकात शिकवता येत नाही. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एक ताई आल्या, पिणारे वडील, एका खोलीचं घर, धाकटा भाऊ. त्या बोलता बोलता थांबल्या, आणि मी त्यांचं वाक्य पुरं केलं. मी म्हणाले, "आणि आई गप्प बसून राहायची." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही. आई गप्प नव्हती. आईच मारायची." आणि पुढचे दोन सेशन त्या आल्या नाहीत.

मी त्यांच्यासमोर बसून माझ्या आईबद्दल बोलत होते गं. इतका वेळ मला वाटत होतं की मी ऐकतेय आणि प्रत्यक्षात मी अजून तिसऱ्या पायरीकडे कान लावून बसलेली पोर होते, जी समोरच्याचा मूड आधीच ओळखून स्वतःला वाचवते. तसं ओळखणं घरात उपयोगाचं असतं, खुर्चीत बसल्यावर मात्र तेच आड येतं, कारण समोरच्याला त्याच्या वेगाने आणि त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं असतं आणि त्याची गोष्ट आपल्या गोष्टीपेक्षा वेगळी निघाली तर ती वेगळी राहू द्यायची असते. त्यानंतर मी माझ्या सुपरव्हायजरना, म्हणजे थेरपिस्टच्या कामावर लक्ष ठेवून मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी व्यक्तीला, हे जसंच्या तसं सांगितलं, आणि स्वतः थेरपीला जायला लागले, अडीच वर्षं, दर गुरुवारी. त्या ताई परत आल्या, मी त्यांची माफी मागितली, आणि खरं काम तिथून पुढे झालं.

तेव्हा तुझ्या मैत्रिणीला सांग की तिचं अर्धं बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ युंगने ज्याला जखमी उपचारक म्हटलं, म्हणजे स्वतःच्या जखमेमुळे दुसऱ्याला बरं करू शकणारा, ते तुम्हाला अभ्यासात येईलच आणि वर्गात सगळ्यांना ते फार आवडतं, मला मात्र त्याबद्दल नेहमी वाटतं की जखम असणं पुरेसं नाही, तिच्यावर कोणीतरी पट्टी बांधलेली असली पाहिजे, नाहीतर तेच रक्त समोरच्याच्या कपड्यांना लागतं. तू घरामुळे अनफिट नाहीस आणि घरामुळे फिटही नाहीस. स्वतःची थेरपी आत्ताच सुरू कर, तुझ्या कॉलेजमध्ये काउन्सेलर असतील तर त्यांच्यापासून. इंटर्नशिपला लगेच घरगुती हिंसेच्या केसेस मागून घेऊ नकोस, आधी दुसरं काही कर, शाळेतली मुलं, अभ्यासाचं टेन्शन, काहीही. आणि ज्या सुपरव्हायजरसमोर तुला "आज मी चुकले" असं म्हणता येईल अशीच व्यक्ती शोध, मोठ्या नावाच्या मागे जाऊ नकोस. दुसऱ्यांचं दुःख रोज ऐकून ऐकणाऱ्यावरही परिणाम होतो, झोप उडते, माणसांवरचा विश्वास कमी होतो, हे सगळ्याच थेरपिस्टना होऊ शकतं, तुला ते तुझ्या घरामुळे झालं असं समजून लपवू नकोस.

मम्मीचं काय झालं ते मला कळव.

प्रश्न : माझे मिस्टर ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये होते, स्फोट पुढच्या डब्यात झाला, यांना काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. पण आजही दरवर्षी जून संपत आला की चिडचिड, रात्री दोनला उठून बसतात, आणि विचारलं तर "मला काय झालंय, ज्यांना झालं त्यांना विचार" म्हणतात. एवढ्या वर्षांनी असं होतं का? (भाईंदर)

उत्तर : होतं. तारीख डोक्यात नसली तरी हवा, पाऊस, जूनमधला तो उजेड, ओल्या छत्र्यांचा वास, हे सगळं शरीर लक्षात ठेवतं आणि माणसाला स्वतःलाच कळत नाही की आपण का चिडतोय. त्या दिवशी अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी लोकल भरून धावल्या, आणि सगळ्यांनी मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक केलं. मला त्या कौतुकाचा तेव्हाही त्रास झाला होता. आमच्या चाळीत आईला सगळे "धीराची बाई" म्हणायचे आणि एकदा तो शिक्का बसल्यावर तिला रडायला जागाच उरली नाही. तुमच्या मिस्टरांना पण "लागलं नाही" हा शिक्का बसलाय, आणि शिवाय आपण जिवंत राहिलो याचा अपराधी भाव, तो फार जड असतो. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान १९८० पासून अधिकृत यादीत आहे आणि ते फक्त जखमी झालेल्यांसाठी नाहीये, जे समोर होते त्यांनाही ते लागू पडतं. अर्थात यांना तेच आहे असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही.

त्यांना बसवून "सांगा काय पाहिलंत" असं करू नका. पूर्वी मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकदाच बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत होती, त्याने फायदा होत नाही, काहींना उलट त्रास वाढतो हे नंतर अभ्यासातून दिसलं. त्यापेक्षा यंदा जूनच्या मध्यालाच साधं बोला की जुलै येतोय, मला माहितीये तुम्हाला जड जातो, त्या दिवशी सुट्टी घ्यायची का. एवढंच. रात्री दोनला उठले तर लाइट लावा, पाणी द्या, शेजारी बसा, प्रश्न नको. आणि ते तयार झाले तर ट्रॉमावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे घेऊन जा, त्यासाठी खास सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी) अशा पद्धती आहेत ज्यांचा चांगला उपयोग होतो, आणि वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी होतो.

प्रश्न : माझ्या थेरपिस्टने एकदा त्यांच्या लहानपणाबद्दल सांगितलं, त्यांनाही घरात त्रास होता. तेव्हा बरं वाटलं पण आता मी त्यांना काही वाईट सांगायला कचरते, वाटतं त्यांना त्रास होईल. (गिरगाव)

उत्तर : हे त्यांना जाऊन असंच्या असं सांगा, पुढच्याच सेशनला, हेच वाक्य. तुम्ही लहानपणी कोणाचा तरी मूड सांभाळत होतात का हो? कारण जी मुलं आईवडिलांना सांभाळून मोठी होतात ती पुढे डॉक्टरला, बॉसला आणि थेरपिस्टलाही सांभाळत बसतात. मी स्वतः सेशनमध्ये माझं जवळजवळ काहीच सांगत नाही. इथे लिहिते कारण इथे तुम्हाला पान उलटता येतं, समोर बसलेल्या माणसाला ते करता येत नाही. कधी कधी एखादं वाक्य सांगितल्याने समोरच्याचा एकटेपणा कमी होतो हे खरंय, पण ते कोणासाठी सांगितलं हे थेरपिस्टने स्वतःला आधी विचारायला हवं. चांगली थेरपिस्ट असेल तर तुमच्या सांगण्याने दुखावणार नाही, उलट तिथून तुमचं काम पुढे सरकेल.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, क्लासमध्ये तिच्याबरोबर काहीतरी वाईट घडलंय असं वाटतं, बोलत नाही. प्रायव्हेट थेरपीची फी मला परवडत नाही. कुठे जाऊ? (भांडुप)

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आजच लावा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपरचे पैसे अगदी थोडे, रांग मात्र असते, सकाळी लवकर जा. मुलगी अठराच्या आतली आहे म्हणजे चाइल्डलाइन १०९८ पण आहे, आणि लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा (लहान मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा) लागू होतो, त्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं, म्हणून हे मुलीशी न बोलता तिच्या पाठीमागे करू नका, तिला सोबत घेऊन करा. घरात बायकांवर हिंसा होत असेल अशा इतर वाचकांसाठी सांगते, वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली दिलासा केंद्र सुरू झालं, पुढे पालिकेच्या इतर हॉस्पिटलमध्येही अशी केंद्रं झाली, तिथे समुपदेशनाचे पैसे लागत नाहीत.

आणि कोणाकडेही गेलात तरी शिक्षण विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं रजिस्ट्रेशन भारतीय पुनर्वास परिषदेकडे असतं, नंबर मागायला संकोच करू नका. घरी तिला "काय झालं सांग" असं खोदू नका. तिच्याबरोबर भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, हाताला काम असलं आणि डोळ्यात डोळे घालायला लागले नाहीत की मुलं बोलतात. नाही बोलली तरी तुम्ही शेजारी होतात हे तिला कळतं. आणि ती बोललीच तर पहिलं वाक्य "माझा विश्वास आहे तुझ्यावर" हे असू दे, "तू तिथे कशाला गेलीस" हे नको.

प्रश्न : मी ६२ वर्षांची आहे. मोठ्या भावाने लहानपणी मला पट्ट्याने मारलं आहे, वर्षानुवर्षं, घरच्यांसमोर. आता तो आजारी आहे आणि सगळे म्हणतात माफ कर, या वर्षी गणपतीला गावी ये. तुम्ही तुमच्या वडिलांना माफ केलंत का? (दादर)

उत्तर : मावशी, खरं सांगते, मला नाही माहीत. बाबा शेवटची काही वर्षं एका टॉवरला वॉचमन होते, जिथे आधी गिरणी होती तिथेच तो टॉवर उभा राहिलाय. दारू सुटली होती तोपर्यंत. मी त्यांना हॉस्पिटलला न्यायचे, औषधं आणायचे, पण ते जिना चढायला लागले की शेवटपर्यंत माझा हात थांबायचा, हातात जे काही असेल ते तसंच राहायचं. त्यांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही काढला. त्यांच्यासाठी वाईट वाटतं, त्यांची आठवण पण येते. त्याला माफी म्हणायचं का ते मी ठरवलेलं नाही आणि ठरवायची घाई मला वाटत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या कोणालाही मी माफ करायला सांगत नाही. माफ न करता माणसं बरी होतात, मी बघितलीत. तुमच्या घरच्यांना तुमची माफी हवीये की त्यांनी तेव्हा मध्ये न पडल्याचा विषय मिटायला हवाय, हे जरा बघा. भावाच्या औषधाला पैसे पाठवावेसे वाटले तर पाठवा, त्याचा अर्थ माफ केलं असा होत नाही. आणि गावी जावंसं वाटत नसेल तर या वर्षी जाऊ नका, कोणी विचारलं तर "जमत नाही" एवढंच म्हणा, कारण सांगू नका. आणि गेलातच तर परतीचं तिकीट आधी काढून ठेवा, रात्री त्या घरात न राहता दुसऱ्या नातेवाइकांकडे राहायची सोय करा, आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एका मैत्रिणीला फोन करायचा, तिला हे सगळं आधीच सांगून ठेवा.